मलमलीचं टोपरं

१

त्या दिवशी सकाळी कमोड पुन्हा तुंबला. पाणी काठावरून उतरून बाथरूमभर पसरलं आणि पायजमा गुडघ्यापर्यंत वर धरून त्या पाण्यात उभे राहिलेले आप्पा एकच गोष्ट सांगत राहिले, "मी काही टाकलं नाही रे. मी काही टाकलं नाही." दुपारपर्यंत मात्र त्यांचं बोलणं बदललं. "टाकलंही असेल," असं ते म्हणायला लागले. माझ्या मैत्रिणीला रडू फुटलं ते यावर.

मैत्रीण म्हणजे आप्पांची सून. हे घर मधवाल्यांचं. गच्चीवर मधमाश्यांच्या पेट्या, खाली स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत मध गाळायचा, बरण्या भरायच्या आणि रस्त्याकडच्या दुकानात ठेवायच्या. पहिल्या पेट्या आप्पांनी आणल्या, धंदा आप्पांनी उभा केला, आता मुलगा सांभाळतो. मी त्यांना चिरंजीव म्हणते, अगदी तोंडावरसुद्धा. माणूस वाईट नाही, पण घाबरला की हुकूम सोडतो.

आणि ते चांगलेच घाबरले होते. वरच्या मजल्यावरचा संडास पुन्हा पुन्हा तुंबत होता, तोही नेमका आप्पा जाऊन आल्यावर. मागे प्लंबर आला होता, त्यानं अंगणातल्या चेंबरमधून मलमलीचं एक कापड ओढून काढलं. कापड घरचंच, मध गाळायच्या ताग्यातलं. त्यात आप्पा एकदा शेगडी बंद करायला विसरले होते, एकदा दुकानाची किल्ली कुलपातच सोडून आले होते. घरानं मनातल्या मनात निकाल लावून टाकला. कापड निघाल्यावरही तुंबणं थांबेना, म्हणजे म्हातारा अजून काहीबाही टाकतोच आहे, असं ठरलं. चिरंजीवांनी गावाबाहेरच्या एका वृद्धाश्रमात जागा बघितली. गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होती. आप्पांची बॅग भरून जिन्याखाली ठेवलेलीसुद्धा होती.

"तुझ्या आत्याला घेऊन ये ना गं," मैत्रीण फोनवर म्हणाली. "आजच ये. उद्या येऊन काही उपयोग नाही."

२

माझ्या आत्याला पाइपांमधलं कळतं असं कोणी म्हटलं, तर ती रागावते. तिचं म्हणणं, पाइपच तिला वचकून असतात. निवृत्त होईपर्यंत शहराचा ड्रेनेज विभाग तिनं चालवला. भलेभले कंत्राटदार तिच्या टेबलासमोर घाम पुसायचे. तिला स्वतःचा गर्व आहे आणि खरं सांगायचं तर तो तिला शोभून दिसतो. ती माझी आत्या आहे याचा मलाही काही कमी गर्व नाही.

आम्ही पोचलो तेव्हा चिरंजीव हातात रबरी पंप घेऊन दारातच उभे होते. "वर चला, लगेच दाखवतो."

"संडास कुठं पळून जात नाही," आत्या चप्पल काढत म्हणाली. "आधी चहा. आणि घरातली सगळी माणसं बघू देत."

चहा आला. प्रत्येक कपावर बशी पालथी. मी इकडेतिकडे बघितलं आणि मला हसू आलं. पाण्याच्या तांब्यावर कापड, दुधाच्या पातेल्यावर कापड, साखरेच्या बरणीवर झाकण आणि झाकणावर पुन्हा दोऱ्यानं बांधलेलं कापड. खिडकीतल्या रिकाम्या फुलदाणीचंही तोंड बांधलेलं.

"या घरात उघडं तोंड कोणाला बघवत नाही वाटतं," आत्या म्हणाली.

"माश्या आणि मुंग्या, आत्या," मैत्रीण म्हणाली. "मधाचं घर आहे. इथं भांडं उघडं राहिलं तर आप्पा घर डोक्यावर घ्यायचे. आता सगळ्यांच्या हातालाच सवय झाली आहे."

आत्यानं साखरेच्या बरणीवरच्या दोऱ्याचं टोक ओढलं. गाठ सुर्रकन सुटली. "वा! सुरगाठ. तुझी?"

"माझी. आप्पांनी शिकवली. एका हातात झारा असतो ना, तेव्हा बरणी दुसऱ्या हातानं उघडता आली पाहिजे." शेजारचा डबा उघडायला मात्र मैत्रिणीनं कात्री घेतली. "हा ह्यांनी बांधलेला," ती म्हणाली आणि दोरा कापून बिस्किटं काढली.

आत्यानं दोन बिस्किटं खाल्ली, मग म्हणाली, "चेंबरमध्ये सापडलेलं ते कापड ठेवलंय का?"

चिरंजीवांनी ते जपून ठेवलं होतं. पुरावाच होता ना तो! धुऊन, वाळवून, पिशवीत घालून. आत्यानं ते तळहातावर पसरलं. मलमल चौकोनी होती, पण मधोमध फुगलेली, आणि भोवती दोरा आवळून बांधलेला. लहान बाळाचं टोपरं असावं तसा तिचा आकार होता. आत्यानं दोऱ्याचं टोक ओढून बघितलं. गाठ हलेना.

मग तिनं ते टोपरं साखरेच्या बरणीवर ठेवलं. ते सरळ घसरून बरणीच्या खांद्यावर पडलं. मधाच्या मोठ्या बरणीवर ठेवलं, तिथंही तेच. घरातली झाडून सगळी भांडी झाली, एकाच्याही तोंडावर ते बसेना.

"चिरंजीव," आत्या म्हणाली, मला वाटतं त्यांचं हे नाव तिला फार आवडलं असावं, "हे कापड संडासातून गेलेलंच नाही."

३

"म्हणजे?" चिरंजीवांचा आवाज चढला. "मग काय आभाळातून पडलं?"

"कमोडच्या पोटात वळण असतं. त्यातून कापड गेलं तर पिळून दोरी होतं. हे टोपरं आहे तसं आहे, दोरासुद्धा जागेवर आहे. आता तुम्ही जरा दुकानात बसा. मला बाकीच्यांशी बोलायचंय."

चिरंजीव गेले आणि मैत्रिणीनं स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं. तिचा चेहरा उतरला होता.

"आत्या, आप्पांचं काही नाही. दोष माझा आहे," ती म्हणाली. "मेणाची भांडी मी गरम पाण्यानं सिंकमध्येच धुते. मेण आत जाऊन थिजत असणार. मला किती दिवस हे खातंय. पण ह्यांना सांगायची हिंमत होईना."

"सांगायला उशीर केलास," आत्या कडक आवाजात म्हणाली. मग उठून तिनं सिंकचा नळ पूर्ण सोडला. पाणी गोल फिरत भराभर निघून गेलं. "मेण सिंकमध्ये टाकणं वाईटच, उद्यापासून भांडं आधी कागदानं पुसून घे. पण तुझं सिंक तर धावतंय. याचं पाणी कुठं पडतं?"

"बाहेरच्या जाळीत. वेगळा पाइप आहे."

"मग तुझं मेण जिना चढून वरच्या संडासात जाणार कसं? रडू नको, चहा चांगला होता."

वरच्या खोलीत आप्पा खिडकीशी बसले होते. ताठ बसायची सवय असलेला माणूस, पण त्या दिवशी खांदे पार पडले होते. आत्यानं खुर्ची ओढली आणि फार अदबीनं विचारलं, "आप्पा, तुम्ही संडासात काय टाकलंत?"

"टाकलं असेल काहीतरी."

"असेल, का टाकलंत?"

"आठवत नाही बाई." त्यांनी हाताकडे बघितलं. "आठवत नाही म्हणजे टाकलंच असणार. शेगडी मी बंद केली अशी माझी खात्री होती आणि ती चालू निघाली. आता मी माझ्याच हातांवर विश्वास कसा ठेवू? जातो मी तिकडे. मुलाला रोज माझी घाण उपसायला लावायची म्हणजे काय."

हे ऐकून मला फार वाईट वाटलं. आत्याला वाटलं का नाही ते कळायला मार्ग नव्हता, कारण ती उठून बाथरूमकडे निघालीसुद्धा.

"दोन कबुलीजबाब झाले," ती जाता जाता माझ्या कानात म्हणाली. "आणि ज्यानं केलंय त्याला अजून पत्ताही नाही."

४

बाथरूमच्या बाबतीत आत्याची एक रीत आहे. ती आधी काही उघडत नाही, उपसत नाही. नुसती ऐकते. बेसिनमध्ये पाणी सोडलं, ते तळाशी रेंगाळलं आणि घुटके घेत गेलं. मोरीत तांब्याभर ओतलं, तेही तसंच. कमोडमध्ये अर्धी बादली ओतली, तर पाणी वर चढलं, थोडा वेळ विचार करत राहिलं आणि मग डबडब आवाज करत खाली उतरलं.

"तिन्ही मंद," ती म्हणाली. "एकच तुंबलं असतं तर दोष त्याच्या पोटात असता. तिन्ही एकदम म्हणजे दोष तिघांच्या सामाईक पाइपात. खाली जाऊन चेंबरचं झाकण उघड आणि मी इथं पाणी सोडलं की काय दिसतं ते ओरडून सांग."

मी खाली धावले. चेंबर स्वच्छ होतं. वरून आलेलं पाणी सावकाश आलं, पण पुढं कुठंही न अडता निघून गेलं. मी तसं ओरडून सांगितलं. वरून आत्याचं हसू ऐकू आलं आणि मला कळलं, तिला काहीतरी सापडलंय.

मी परत आले तर तिनं चिरंजीवांना दुकानातून बोलावून घेतलं होतं. मैत्रीणही आली होती. आप्पा आपल्या खोलीतच होते, दारातून दिसत होते.

"सकाळी आप्पा आत जातात तेव्हा घरात दुसरं काय चालू असतं?" आत्यानं विचारलं.

मैत्रीण आठवू लागली. "काही नाही. सगळ्यांचं आवरलं की ते जातात. मी तेव्हा मशीन लावते." कपड्यांचं मशीन बाथरूमच्या बाहेरच, गॅलरीत होतं. त्याचा पाइप भिंतीतून आत गेलेला.

"पाणी भरून घे. आणि आता सोड."

मशीननं पाणी सोडलं. आम्ही चौघं कमोडभोवती उभे राहून आत बघत होतो. काय ते दृश्य! आधी काहीच झालं नाही. मग कमोडच्या तळातून एक मोठा बुडबुडा वर आला, मग दुसरा, मग गडगड करत पाणी वर उसळलं आणि एकदम खाली ओढलं गेलं. आत हात घालणारं कोणी नव्हतं, फ्लशला कोणी बोटही लावलं नव्हतं.

"आप्पा तिकडे बसलेत," आत्या म्हणाली. "आपण सगळे इथं उभे आहोत. आता हे कोणी केलं?"



५

"खाली पाइप मोकळा, तरी पाणी उतरत नाही," चिरंजीव शेवटी म्हणाले. "हे कसं शक्य आहे?"

"मला कशाला विचारता? या घरात हे जाणणारा माणूस आहे." आत्यानं हाक मारली, "आप्पा, जरा येता का? एक धंद्यातली गोष्ट विचारायची आहे."

आप्पा दारात आले. पायापुढची फरशी चाचपत आले, कोणी ओरडेल की काय असं वाटत असल्यासारखे.

"मधाच्या पत्र्याच्या डब्याला तुम्ही भोक पाडता ना ओतायला? एक पाडता का दोन?"

"दोन," आप्पा लगेच म्हणाले. "एक इकडं, एक समोर."

"दोन कशाला? मध एकातूनच येणार."

"अहो, एकच पाडलं तर मध गुटगुट करत अडखळत येतो. आत वारा शिरायला वाट नको का? एकातून मध बाहेर, दुसऱ्यातून वारा आत. मग कशी सरळ धार..." बोलता बोलता ते थांबले. त्यांनी कमोडकडे बघितलं, बेसिनकडे बघितलं. मान वर करून छताकडे बघितलं. खांदे हळूहळू सरळ झाले. "बाई, या पाइपाचं दुसरं भोक वर असणार. गच्चीवर."

"असतंच. त्याला व्हेंट म्हणतात," आत्या म्हणाली. माझ्या आत्याच्या डोळ्यांत एवढं कौतुक मी स्वतःसाठीही कधी बघितलं नव्हतं. "तुमचं डोकं अगदी ठणठणीत आहे, आप्पा. चला वर."

जिना चढताना आप्पा सर्वांत पुढं होते.

गच्चीवर पेट्या भिंतीच्या सावलीत ओळीनं मांडलेल्या होत्या आणि शेजारी आप्पांची वेताची खुर्ची. दुसऱ्या टोकाला, भर उन्हात, फरशीवर चौकोनी डाग होते. पेट्या आधी तिथं असणार हे सांगायची गरज नव्हती.

"इकडं कोणी हलवल्या?" आत्यानं विचारलं.

"मी," चिरंजीव म्हणाले. "आप्पा दिवसभर पेट्यांपाशी बसतात. त्यांना ऊन सोसेना."

"आणि तुंबायला लागलं ते त्याच्या आधी का नंतर?"

चिरंजीवांनी बायकोकडे बघितलं. "नंतर," ती हळूच म्हणाली.

शेवटच्या पेटीला खेटूनच जाड पाइप गच्चीतून वर आला होता. त्याच्या तोंडावर मेणात बुडवलेलं जाड कापड ताणून बसवलं होतं, दोऱ्यानं आवळून. थेट बरणीसारखं. आत्यानं पिशवीतून मलमलीचं टोपरं काढलं आणि त्या तोंडावर वरून ठेवलं. बरोबर मापात बसलं.

"हे पहिलं," ती म्हणाली. "गुळगुळीत पाइपावरून वाऱ्यानं निसटलं आणि आत पडलं ते थेट चेंबरात. कोणाला तरी वाटलं, उडून गेलं. मग त्यानं हे दुसरं बांधलं, मेणाचं, पक्कं. पहिल्यातून थोडाफार वारा जात तरी होता. यातून काडीचाही जात नाही."

"पण बांधलं कोणी?" चिरंजीवांनी विचारलं. त्यांनी आप्पांकडे बघितलंच. मला त्या क्षणी त्यांचा राग आला, नाही म्हणत नाही.

"आधी सोडा तर," आत्या म्हणाली.

चिरंजीवांनी दोऱ्याचं टोक ओढलं. गाठ सुटेना. नखानं उकरलं. सुटेना. तेवढ्यात मैत्रीण न सांगताच खाली जाऊन कात्री घेऊन आली आणि तिनं ती सवयीनं नवऱ्याच्या हातात दिली.

 चिरंजीव हातातल्या कात्रीकडे बघत राहिले.

"ही निरगाठ आहे," आप्पा म्हणाले. "किती वर्षं सांगतोय तुला, निरगाठ मारू नको म्हणून."

६

"मला आठवतच नाही," चिरंजीव म्हणाले. "आप्पा, खरंच सांगतो, मला काहीसुद्धा आठवत नाही."

ते खोटं बोलत नव्हते. पेट्या हलवल्या त्या दिवशी माश्या ओलाव्यासाठी त्या पाइपाच्या तोंडाशी घोंगावत असणार. मधवाल्याच्या मुलाला पाइप दिसलाच नाही, त्याला दिसलं फक्त एक उघडं तोंड. हातानं कापड घेतलं, दोरा घेतला, गाठ मारली आणि पुढच्या कामाला लागला. पहिलं गेलेलं दिसलं तेव्हाही हातानं पुन्हा तेच केलं. दिवसातून शंभर तोंडं बांधणाऱ्याला एकशेएकावं कुठलं आठवणार? प्लंबर खाली आला आणि खालूनच परत गेला. गच्चीवर कोणी बघितलं नाही, आणि ज्यांनी रोज बघितलं त्यांना त्यात वावगं काही दिसलं नाही. या घरात मोकळं सोडलेलं तोंडच डोळ्यांना खुपायचं.

हे सगळं आत्यानं कसं एकेक करून जुळवलं, ते मी जन्मभर सांगत राहीन. टोपऱ्याचा घेर, सिंकचा वेग, मशीनचं पाणी, उन्हातले डाग. पण मला तिचं सर्वांत कौतुक वाटलं ते या गोष्टीचं, की डब्याच्या दोन भोकांचा प्रश्न तिनं आप्पांना विचारला. उत्तर तिला येत होतं.

"आता जाळीचं टोपण बसवा," ती चिरंजीवांना म्हणाली. "वारा जाईल, माशी जाणार नाही."

चिरंजीवांनी दोरा कापला, मेणकापड ओढून काढलं आणि आप्पांसमोर उभे राहिले. हात जोडायचे की पाय धरायचे ते त्यांना ठरवता येईना. "मी विसरलो, आप्पा," एवढंच म्हणाले.

"मग? उद्याच्या गाडीत तू बसतोस का?" आप्पांनी विचारलं.

मैत्रीण रडता रडता हसली. चिरंजीव मात्र हसले नाहीत. त्यांनी तिथूनच फोन लावला आणि गाडी नको म्हणून सांगितलं.

खाली आल्यावर आत्यानं पुन्हा कमोडमध्ये अर्धी बादली ओतली. पाणी एका दमात गेलं. बेसिन धावलं, मोरी धावली. मशीनचं पाणी सोडलं तरी कमोडमध्ये साधा तरंग उठला नाही.

आप्पा आमच्या मागे उभे होते. "मी जाऊन येऊ का?" त्यांनी विचारलं. आम्ही बाजूला झालो. ते आत गेले, दाराला हात लावला आणि तसेच थांबले. मग मुलाकडे बघून हळू आवाजात म्हणाले, "दार लावून घेऊ का आता?"

मला आधी अर्थच लागला नाही. मैत्रिणीनं पदर तोंडाला लावला तेव्हा लागला. त्यांनी काही टाकू नये, येता-जाता नजर राहावी म्हणून इतके दिवस त्यांना दार उघडं ठेवून आत बसावं लागत होतं. हे फोनवर तिनं मला सांगितलं नव्हतं आणि आल्यावरही कोणी बोललं नव्हतं. ज्या माणसानं हे घर उभं केलं, तो दार लावायची परवानगी मागत होता.  एवढी बोलकी माझी आत्या, पण तिनंही खिडकीकडे तोंड फिरवलं.

 चिरंजीव पुढं झाले, वडिलांचा दारावरचा हात त्यांनी अलगद उचलून बाजूला केला आणि बाहेरून स्वतः दार ओढून घेतलं.

आतून कडी लागली. चिरंजीव दाराकडे पाठ करून तिथंच फरशीवर बसले, आणि आप्पा बाहेर येईपर्यंत त्यांनी कोणालाही तिकडून जाऊ दिलं नाही.